विश्लेषण : डिशवॉशरमध्ये जास्त पाणी का भरते? बिघाड यंत्रात की इमारतीच्या टाकीत?

२०२०च्या टाळेबंदीत घरकामाच्या मदतनीस येणे बंद झाले आणि ‘आपल्या कढया-कुकरला ते काय पुरे पडणार’ म्हणून तोवर दुकानातच राहिलेले डिशवॉशर अनेक मध्यमवर्गीय स्वयंपाकघरांत आले. त्या लाटेत घेतलेली यंत्रे आता पाच-सहा वर्षांची झाली आहेत. बहुतेकांची वॉरंटी संपली आहे आणि बिघाडांचा काळ सुरू झाला आहे. त्यातला सर्वात धास्ती घालणारा बिघाड म्हणजे यंत्र पाणी घेतच राहणे. भांडी अस्वच्छ राहिली तर पुन्हा धुता येतात. पण रात्री लावलेले यंत्र सकाळपर्यंत पाणी घेत राहिले तर आधी ओट्याखालचे प्लायवुड फुगते आणि मग खालच्या घराचे छत ओले होते. अशा वेळी तंत्रज्ञ येतो, ‘कार्ड गेलंय’ म्हणतो आणि मोठ्या रकमेचा आकडा सांगतो. कार्ड खरोखरच गेले आहे का, हे ठरवण्याची एक सोपी चाचणी आहे. ती करायला मिनिटे लागतात, हत्यार लागत नाही. तिचा निकाल अनेकदा यंत्राच्या बाहेर, गच्चीवरच्या टाकीकडे बोट दाखवतो.

पाणी खरेच जास्त भरले आहे का?

आधी हे तपासायला हवे, कारण निम्मा गोंधळ इथेच होतो. डिशवॉशर टबभर पाण्यात भांडी बुडवत नाही. तळाच्या खोलगट भागात एका वेळी साधारण तीन-चार लिटर पाणी घेतले जाते आणि तेच पाणी पंपाने पुन्हा पुन्हा फवाऱ्याच्या फिरत्या दांड्यांतून भांड्यांवर मारले जाते. ते काढून टाकायचे, नवे घ्यायचे, असे तीन-चार वेळा होते. म्हणूनच बारा-चौदा जणांच्या भांड्यांसाठी एका फेरीला सर्वसाधारणपणे दहा लिटरच्या आसपास पाणी पुरते. फेरी संपल्यावर जाळीच्या खाली थोडे पाणी राहणे हा दोष नाही. त्या पाण्यामुळे आतील रबरी भाग कोरडे पडत नाहीत.

दोष तेव्हा, जेव्हा जाळी पूर्ण बुडून पाणी टबच्या तळावर पसरलेले दिसते, दार उघडताच उंबऱ्यावरून बाहेर येते किंवा यंत्र बंद असतानाही पाण्याची पातळी वाढते. या तिन्हींत शेवटचे लक्षण सर्वात महत्त्वाचे आहे.

पाण्याचा रंग आणि वासही बघावा. तळाशी साचलेले पाणी स्वच्छ असेल तर ते नळाच्या बाजूने आले आहे. ते गढूळ, तेलकट किंवा वास मारणारे असेल, तर एक शक्यता म्हणजे धुतलेले पाणी बाहेर गेलेलेच नाही. दुसरी म्हणजे सिंकचे पाणी निचऱ्याच्या पाइपातून उलटे यंत्रात शिरले आहे. या दुसऱ्या प्रकारात पाणी आत घेणाऱ्या भागांचा काही संबंध नसतो. तरीही ‘पाणी जास्त भरते’ अशीच तक्रार नोंदवली जाते आणि मग चुकीचा सुटा भाग बदलला जातो.

यंत्राला ‘पुरे’ कसे कळते?

पाणी आत येण्याचा मार्ग एकच असतो. अँगल कॉकपासून निघालेला पाइप यंत्राच्या विजेवर चालणाऱ्या व्हॉल्व्हपर्यंत जातो. कार्डाने वीज सोडली की व्हॉल्व्ह उघडतो, वीज थांबवली की मिटतो. किती पाणी आले हे मोजण्याच्या पद्धती मात्र वेगवेगळ्या आहेत.

भारतात विकल्या जाणाऱ्या अनेक यंत्रांत पाण्याच्या वाटेवर एक छोटे चक्र असते. पाणी वाहिले की ते फिरते, त्यातले चुंबक प्रत्येक फेऱ्याला एक ठोका देते आणि कार्ड ते ठोके मोजते. रिक्षाच्या मीटरसारखाच हा हिशोब आहे. काही यंत्रांत पाण्याच्या वजनाने हवेवर पडणारा दाब एका बारीक नळीतून मोजला जातो. काहींत, विशेषतः अमेरिकी धाटणीच्या यंत्रांत, टबच्या तळाशी एक प्लास्टिकची टोपी तरंगते. पाणी वाढले की ती वर उचलली जाऊन खालचे बटण वीज तोडते. टबच्या तळाशी कोपऱ्यात अशी टोपी दिसत असेल, तर पहिले काम ती वर-खाली सहज हलते का हे पाहणे. तिच्याखाली भाताची शिते किंवा काचेचा तुकडा अडकून ती खालीच राहिली, तर यंत्राला टब कायम रिकामाच वाटतो.

याशिवाय यंत्राच्या अगदी बुडाशी, बाहेरून न दिसणारा एक पत्र्याचा किंवा प्लास्टिकचा तसराळ्यासारखा भाग असतो. गळणारे पाणी त्यात साचते आणि तिथला थर्माकोलचा तुकडा तरंगून एक बटण दाबतो. हा पाणी मोजणारा भाग नव्हे. हा पहारेकरी आहे.

बटण बंद, पाणी चालू

आता ती चाचणी. नळाचा अँगल कॉक हाताशी राहील असे उभे राहावे. यंत्र सुरू करून ते पाणी घेऊ लागले की भिंतीवरचा स्विच बंद करावा. यंत्रावरचे बटण नव्हे, भिंतीवरचा स्विच. कारण यंत्रावरच्या बटणाने अनेकदा कार्ड फक्त झोपते, वीज तुटत नाही. मग कान देऊन ऐकावे, दार उघडून पाहावे.

वीज तोडल्यावरही पाणी येत राहिले, तर व्हॉल्व्ह मिटत नाही. इथे कार्डाचा दोष असूच शकत नाही, कारण कार्डाला वीजच नाही. वीज तोडताच पाणी थांबले, तर व्हॉल्व्ह ठीक आहे आणि त्याला ‘पुरे’ असे सांगणारा कुणीतरी चुकतो आहे. तो मोजणारे चक्र असेल, दाबाची नळी असेल, तरंगती टोपी असेल किंवा खरोखरच कार्ड असेल. कार्डावरचा वीज सोडणारा भाग चिकटून बसला, तर व्हॉल्व्हला विनाकारण वीज मिळत राहते. तंत्रज्ञाने मल्टिमीटर लावून व्हॉल्व्हच्या टोकांवर नको तेव्हा वीज येते आहे हे दाखवले, तर कार्ड बदलण्याचा सल्ला रास्त समजावा. मल्टिमीटर पिशवीतून बाहेर न काढताच सांगितले, तर नाही.

काही वेळा गळती इतकी संथ असते की कानाला कळत नाही. त्यासाठी रात्री तळाचे पाणी मगाने आणि स्पंजने टिपून घ्यावे, स्विच बंद ठेवावा, अँगल कॉक मात्र उघडा ठेवावा आणि सकाळी पाहावे. स्वच्छ पाणी साचले असेल तर व्हॉल्व्ह झिरपतो आहे. ज्यांना झोपेत धास्ती वाटेल त्यांनी हा प्रयोग सुटीच्या दिवशी दुपारी करावा, तीन-चार तास पुरतात.

दाब कमी, म्हणून पाणी जास्त?

ऐकायला उलटे वाटते. पाण्याचा दाब जास्त असेल तर यंत्र ओसंडेल, कमी असेल तर पाणी कमी पडेल, असाच सर्वसाधारण समज असतो. पण व्हॉल्व्हची रचना पाहिली की कोडे सुटते.

व्हॉल्व्हच्या आत एक रबरी पडदा असतो. त्या पडद्याला बारीक छिद्र असते. नळाचे पाणी त्या छिद्रातून पडद्याच्या वरच्या बाजूला जाते आणि तिथून पडद्याला खाली दाबून ठेवते. म्हणजे वाट बंद ठेवण्याचे काम मुख्यतः पाण्याचाच दाब करतो. वीज आणि स्प्रिंग यांचे काम लहानसे आहे. कार्डाने वीज सोडली की एक छोटा दांडा वर उचलला जातो, पडद्याच्या मधोमध असलेले दुसरे छिद्र उघडते, वरचा दाब निघून जातो आणि पडदा वर उचलला जातो. वीज थांबली की दांडा मधले छिद्र मिटवतो, बारीक छिद्रातून पुन्हा वर पाणी जमते आणि पडदा खाली बसतो. तो घट्ट बसण्यासाठी मागून पुरेसा दाब हवा. दाब अपुरा असेल तर पडदा बसल्यासारखा होतो, पण पूर्ण मिटत नाही.

म्हणूनच उत्पादक किमान दाब सांगतात. घरगुती यंत्रांसाठी हा आकडा साधारण ०.३ ते ०.५ बार आणि कमाल दाब १० बारच्या आसपास असतो. नेमका आकडा माहितीपुस्तिकेत दिलेला असतो. आता हिशोब करू. पाण्याचा दहा मीटर उंच स्तंभ म्हणजे जवळपास एक बार. गच्चीवरची टाकी आणि स्वयंपाकघरातला नळ यांत पाच मीटरचे अंतर असेल, तर दाब मिळतो ०.५ बार, त्यातूनही पाइपांची वळणे, जुने गंजलेले नळ आणि अर्धवट उघडे व्हॉल्व्ह आपापला वाटा घेतात. म्हणजे सर्वात वरच्या मजल्यावरचा फ्लॅट, किंवा ज्याच्या स्लॅबवरच टाकी आहे असा बंगला आणि रो-हाउस, हे सगळे या किमान रेषेच्या अगदी काठावर असतात. त्याच इमारतीत, त्याच कंपनीचे तेच यंत्र तिसऱ्या मजल्यावर वर्षानुवर्षे विनातक्रार चालते, कारण खाली येणारा प्रत्येक मजला सुमारे ०.३ बारची भर घालतो.

युरोप-अमेरिकेतील शहरांत घराचा नळ सहसा दाबाखालच्या जलवाहिनीला जोडलेला असतो. आपल्याकडे पालिकेचे पाणी ठरावीक वेळेला तळटाकीत येते, तिथून पंपाने गच्चीवर चढते आणि मग निव्वळ उतारावर घरात येते. एका व्यवस्थेसाठी घडवलेले यंत्र दुसऱ्या व्यवस्थेत चालवले जात आहे. हे यंत्राचे वैगुण्य नाही आणि ग्राहकाची चूकही नाही. पण यंत्र बसवताना नळाखाली दाबमापक धरून पाहणे हे विक्रेत्याचे काम आहे, आणि ते क्वचितच होते. लोक बादली किती वेळात भरते ते पाहून समाधान मानतात. जाड नळातून दाब नसतानाही बादली लवकर भरू शकते, त्यामुळे त्यातून दाबाचा अंदाज येत नाही.

उपाय म्हणजे दाब वाढवणारा छोटा पंप. तो बसवल्यास यंत्राला नीट दाब मिळतो. मात्र पंप यंत्र पाणी मागेल तेव्हाच सुरू व्हावा आणि नंतर नळात दाब टिकून राहावा, अशी जोडणी हवी. पंप थांबल्यावर दाब पुन्हा पडत असेल तर व्हॉल्व्ह मिटण्याच्या नेमक्या क्षणी तो पुन्हा अर्धवट राहतो. उलट टोकाला, चाळीस मजली इमारतीत तळाच्या घरांना टाकीपासून थेट पाणी दिले तर दाब १२ बारपर्यंत जाईल. तिथे दाब कमी करणारे व्हॉल्व्ह टप्प्याटप्प्यावर बसवलेले असतात आणि त्यांची देखभाल सोसायटीच्या हातात असते.

टाकीतला गाळ, बोअरचे क्षार

पडद्याचे ते बारीक छिद्र पुन्हा आठवावे. त्यात वाळूचा एक कण अडकला तरी पडद्याच्या वर पाणी जमत नाही आणि व्हॉल्व्ह उघडाच राहतो. टँकरचे पाणी, सोसायटीची टाकी धुतल्यानंतर पहिल्या दिवशी येणारे पाणी, रस्ता खोदून नवी जलवाहिनी जोडल्यानंतरचे पाणी, या तिन्हींतून असे कण येतात. त्यांना अडवण्यासाठी पाइप जिथे यंत्राला किंवा नळाला जोडतो तिथे एक बारीक जाळी असते. ती काढून ब्रशने धुणे हे कुणालाही जमणारे काम आहे. काही जण जाळी सारखी तुंबते म्हणून ती काढूनच टाकतात; त्यांच्या यंत्रात मग व्हॉल्व्ह हाच गाळणीचे काम करतो.

क्षारांची गोष्ट अधिक सावकाश घडते. पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानकानुसार (आयएस १०५००) पाण्याची कठीणता लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत इष्ट मानली जाते आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतली जाते. बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या अनेक वसाहती या दुसऱ्या टोकाकडे असतात. क्षारांचा थर व्हॉल्व्हच्या बैठकीवर बसला की पडदा नीट टेकत नाही. तोच थर मोजणाऱ्या चक्रावर बसला की चक्र जड होते, ठोके कमी पडतात आणि तीन लिटर आले तरी कार्डाला दोनच आल्यासारखे वाटते. मग ते आणखी पाणी मागते.

यावर यंत्रातच पाणी मृदू करण्याची सोय असते. त्यासाठी खास जाडे मीठ घालावे लागते आणि पाण्याच्या कठीणतेनुसार आकडा निवडावा लागतो. मात्र चक्र आणि व्हॉल्व्ह हे अनेक यंत्रांत या सोयीच्या आधीच्या वाटेवर असतात, त्यामुळे मीठ वेळेवर घालणाऱ्यांच्या घरीही त्यांच्यावर थर बसू शकतो. घरातले नळ पांढरे पडत असतील तर आतही तेच चालू आहे असे धरून चालावे.

निचऱ्याची चूक

आपल्या स्वयंपाकघरांत डिशवॉशरसाठी वेगळी जागा बहुधा ठेवलेली नसते. मग निचऱ्याचा पाइप कुठे सोडायचा? कधी सिंकच्या खालच्या पाइपात, कधी थेट जमिनीवरच्या जाळीत. दोन्हींत घोटाळा होऊ शकतो. पाइपाचे टोक टबातल्या पाण्याच्या पातळीपेक्षा खाली राहिले, तर टाकीतून नळीने पाणी ओढून काढताना होते तसे भरलेले पाणी आपोआप वाहून जाऊ लागते. यंत्र पुन्हा पाणी घेते, ते पुन्हा जाते. घरच्यांना यंत्र न थांबता पाणी घेत असल्याचा आवाज येतो आणि टबात मात्र काही नसते. उलटपक्षी सिंकला जोडलेला पाइप ओट्याखाली वर उचलून वळवलेला नसेल, तर सिंक तुंबल्यावर खरकटे पाणी यंत्रात येते. दोन्हींवर उपाय एकच आहे. पाइप पुस्तिकेत दिलेल्या किमान उंचीपर्यंत वर नेऊन, तिथे क्लिपने बांधून, मग खाली सोडणे.

आणखी एक खास आपले कारण. कुकरचे भांडे किंवा कढई पालथी ठेवली नाही, किंवा फवाऱ्याच्या जोराने उलटून सुलटी झाली, तर तिच्यात लिटर-दीड लिटर पाणी अडकते. टबात पाणी कमी पडले म्हणून यंत्र पुन्हा पाणी घेते. पाणी काढून टाकायच्या वेळी कढईतले पाणी तिथेच राहते आणि दार उघडल्यावर सगळे एकदम खाली येते. इथे तंत्रज्ञ बोलावण्याची गरज नाही.

फेस हाही जास्त पाण्याचे सोंग घेतो. हाताने भांडी घासायचे द्रव साबण यंत्रात थोडेसे टाकले तरी फेस दाराच्या फटीतून बाहेर येतो आणि बुडाच्या तसराळ्यात जाऊन पहारेकऱ्याला जागे करतो.

पडद्यावरचा आकडा आणि यंत्र तिरके करण्याचा उपाय

बिघाड झाला की यंत्र अक्षरे-आकडे दाखवते. एलजीच्या यंत्रांत ‘एफई’ म्हणजे पाणी जास्त, ‘आयई’ म्हणजे पाणी येत नाही, ‘ओई’ म्हणजे निचरा होत नाही. बॉशच्या यंत्रांत ‘ई१५’ म्हणजे बुडाशी पाणी साचले आहे. प्रत्येक कंपनीची भाषा वेगळी असल्याने एकीचा अर्थ दुसरीला लावू नये.

‘ई१५’सारखा संकेत आल्यावर यंत्र मागे किंवा पुढे तिरके करून बुडातले पाणी सांडून द्या, असा सल्ला सर्रास दिला जातो. त्याने संकेत जातो हे खरे. थर्माकोल खाली बसतो, बटण सुटते, यंत्र पुन्हा चालू होते. पण बुडाशी पाणी का आले, हे तसेच राहते. एकदा फेसामुळे झाले असेल तर ठीक. आठवड्यात दुसऱ्यांदा झाले तर तिरके करणे म्हणजे गळती चालू ठेवून इशाऱ्याची घंटा बंद करणे होय. शिवाय यंत्र चाळीस-पन्नास किलोचे असते आणि आत विजेच्या तारा असतात. एकट्याने हा प्रकार करू नये.

आधी नळ, मग स्विच

घाबरलेला माणूस आधी स्विच बंद करतो. इथे ते चुकू शकते. पहारेकरी जागा झाला की यंत्र व्हॉल्व्हची वीज तोडते आणि निचऱ्याचा पंप सतत चालू ठेवते. व्हॉल्व्ह अडकला असेल, तर येणारे पाणी बाहेर फेकणारा तो पंप हाच एकमेव आधार असतो. स्विच बंद केला की पंप थांबतो आणि नळ चालूच राहतो. मिनिटाला चार लिटर पाणी येत असेल तर तासाभरात २४० लिटर जमिनीवर. वीज गेली तरी हेच घडते. म्हणून आधी अँगल कॉक, मग स्विच. जमिनीवर पाणी पसरून सॉकेटपर्यंत पोहोचले असेल, तर मात्र त्या पाण्यात पाय न ठेवता मुख्य बोर्डावरचा एमसीबी पाडावा आणि मग नळाकडे जावे.

काही यंत्रांच्या पाइपाला नळाच्या तोंडाशीच एक जाडसर डबा असतो. त्यात सुरक्षेचा व्हॉल्व्ह असतो आणि पाइपाभोवती दुसरा पाइप असतो. वीज नसताना हा व्हॉल्व्ह मिटलेला राहतो, त्यामुळे पाइप फुटला तरी घर बुडत नाही. नवे यंत्र घेताना भांड्यांच्या संख्येपेक्षा हे आहे की नाही ते विचारणे अधिक उपयोगाचे. आणि सोय असो वा नसो, गावाला जाताना अँगल कॉक बंद करावा. तो वर्षानुवर्षे न फिरवल्याने जाम झाला असेल, तर प्लंबरला पहिले काम तेच सांगावे.

खालच्या घराचे छत कोण दुरुस्त करणार?

महाराष्ट्रातील गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पावसाच्या पाण्याची आणि बाहेरच्या सामाईक नळांची गळती ही संस्थेची जबाबदारी असते. घराच्या आतली दुरुस्ती सदस्याने स्वतःच्या खर्चाने करायची असते. डिशवॉशरचे पाणी दुसऱ्या प्रकारात मोडते. त्यामुळे ‘यंत्रात दोष होता’ हे कारण खालच्या घरातल्यांना ऐकवून उपयोग नाही. ते कंपनीला ऐकवावे लागेल. तिथे दोष उत्पादनाचा होता, बसवण्याचा होता की पाण्याचा, हा वाद उभा राहतो. यंत्र बसवताना दाब मोजल्याची नोंद असेल तर या वादात ती कामाची ठरते.

दुरुस्तीचा हक्क इथपर्यंत पोहोचला आहे का?

झिरपणारा व्हॉल्व्ह हा तुलनेने स्वस्त भाग आहे. तो मिळाला तर कुशल स्थानिक मेकॅनिक अर्ध्या-पाऊण तासात बदलू शकतो. अडचण मिळण्याची आहे. सुटे भाग कंपनीच्या सेवा केंद्राकडे, संकेतांचा पूर्ण अर्थ त्यांच्याच पुस्तिकेत आणि निदान त्यांच्याच माणसाचे. अशा वेळी महागडे कार्ड बदलायचे की नवे यंत्र घ्यायचे, एवढेच दोन पर्याय ग्राहकापुढे ठेवले जातात.

युरोपीय संघाने याबाबत नियम केले. मार्च २०२१पासून तिथे डिशवॉशरच्या उत्पादकांना व्हॉल्व्ह, पंप, दाबाचे बटण, कार्ड असे भाग त्या मॉडेलचे शेवटचे यंत्र बाजारात आल्यानंतर किमान सात वर्षे व्यावसायिक दुरुस्ती करणाऱ्यांना पुरवावे लागतात. जाळ्या, दाराचे रबर, फवाऱ्याचे दांडे, रॅक असे साधे भाग तर दहा वर्षे, आणि तेही थेट ग्राहकालासुद्धा. मागणीनंतर १५ कामकाजाच्या दिवसांत भाग पोहोचवणे बंधनकारक आहे. बिघाडाच्या संकेतांची माहितीही व्यावसायिकांना द्यावी लागते. यात एक मेख आहे : व्हॉल्व्ह तिथेही थेट ग्राहकाच्या हाती देण्याची सक्ती नाही. वीज आणि पाणी एकत्र येतात तिथे ही सावधगिरी समजण्यासारखी आहे. फ्रान्सने पुढे जाऊन नोव्हेंबर २०२२पासून डिशवॉशरवर दुरुस्तीयोग्यतेचे गुण छापणे बंधनकारक केले.

भारतात केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२मध्ये दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केले. शेतीची अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक्स, वाहने आणि टिकाऊ ग्राहकोपयोगी वस्तू अशी चार क्षेत्रे त्यात घेतली आहेत. म्हणजे डिशवॉशर कागदावर आले. पण पोर्टल हे कंपन्यांनी माहिती देण्याचे ठिकाण आहे. सुटा भाग किती वर्षे आणि किती दिवसांत द्यायचा, याचे बंधन त्यात नाही. सप्टेंबर २०२४मध्ये दुरुस्तीयोग्यता निर्देशांकासाठी दुसरी समिती झाली, तिचा अहवाल मे २०२५मध्ये आला. यंत्र किती सहज खोलता येते, सुटे भाग मिळतात का, दुरुस्तीची माहिती उपलब्ध आहे का, असे त्यातले निकष योग्यच आहेत, पण पहिला भर स्मार्टफोन आणि टॅबलेटवर आहे. फोन सर्वांकडे असतात, त्यामुळे हे स्वाभाविक आहे. तरी फोन बिघडला तर शेजाऱ्याचे छत गळत नाही, हाही विचार प्राधान्यक्रम ठरवताना व्हायला हरकत नव्हती.

विल्हेवाटीचे नियम मात्र आधी आले. १ एप्रिल २०२३पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांच्या यादीत भांडी धुण्याचे यंत्र आहे, म्हणजे ते भंगारात गेल्यानंतरची जबाबदारी उत्पादकावर आहे. ते भंगारात जाऊ नये यासाठीची जबाबदारी अजून ठरायची आहे.

तोपर्यंत ग्राहकाच्या हातात जे आहे ते असे. सेवा केंद्राला फोन करताना ‘पाणी जास्त भरते’ एवढेच न सांगता ‘स्विच बंद केल्यावरही पाणी येते’ किंवा ‘स्विच बंद करताच थांबते’ हे सांगावे आणि तक्रारीत तसेच लिहून घ्यावे. तंत्रज्ञाने नळाचा दाब मोजावा अशी मागणी करावी. भाग बदलला तर जुना भाग परत मागावा, बिलावर त्याचे नाव आणि क्रमांक लिहून घ्यावा. व्हॉल्व्ह बदलून महिन्याभरात पुन्हा तेच झाले, तर दुसरा व्हॉल्व्ह घेण्याआधी सोसायटीच्या टाकीची पातळी आणि आपला मजला यांचा हिशोब मांडावा. कंपनी दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तिथे तक्रार नोंदवताना बिल आणि आधीच्या तक्रारीचा क्रमांक हाताशी ठेवावा.